छोटा कॅम्पर ट्रेलर ओढायला शिकताना: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरजवळच्या आमच्या अंगणात छोटा ट्रेलर येऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून कुठेही थांबलो की चार माणसं गोळा होतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हाई काय शे?" पुढचे प्रश्न फोनवर येतात, लग्नात पंगतीला बसल्यावर येतात, पेट्रोल पंपावर हवा भरताना येतात. बहुतेकांच्या घरी ट्रॅक्टर आणि ट्रॉली आहे, त्यामुळे अर्धं काम त्यांना येतंच. उरलेल्या अर्ध्यात मात्र ट्रॉलीची सवयच आडवी येते, आणि धोका तिथेच आहे. सोप्यापासून सुरुवात करून अवघडाकडे जाते. एका उत्तरातलं दुसऱ्यात लागेल तिथे प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. कॅम्पर ट्रेलर म्हणजे नेमकं काय? कॅराव्हॅन आणि हा एकच का?

ज्याला स्वतःचं इंजिन नाही आणि जो गाडीच्या मागे हुकाला जोडून न्यायचा, अशी चाकांवरची छोटी खोली. काहींत फक्त दोघांनी झोपायची जागा असते आणि मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा निघतो. काहींवर घडीचा तंबू उघडतो. इंजिनासकट असते ती मोटार कॅराव्हॅन, ती वेगळी. महाराष्ट्र सरकारच्या २०२१ च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणात मात्र कॅम्पर ट्रेलर, तंबूचा ट्रेलर, घडीचा ट्रेलर हे सगळे कॅराव्हॅनमध्येच धरले आहेत. आमचा एका आसाचा, दोन चाकांचा, रिकामा ४८० किलोचा आहे. खालची उत्तरं याच मापाच्या ट्रेलरसाठी आहेत.

२. माझी गाडी ओढेल का? इंजिन तर दमदार आहे.

इंजिनाचं नंतर बघू. आधी गाडीसोबत आलेलं पुस्तक काढा आणि ट्रेलर ओढण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. काही कंपन्या किती किलो ओढता येईल ते देतात, तर काही या गाडीने काहीही ओढू नका असं स्पष्ट सांगतात. तसं लिहिलं असेल तर विषय तिथेच संपला, शेजारच्याची तीच गाडी ओढत असली तरी.

ओढायला इंजिन लागतं, पण थांबवायला ब्रेक लागतात. छोट्या ट्रेलरला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात, म्हणजे त्याचंही सगळं वजन तुमच्या गाडीच्या ब्रेकवर येतं. ब्रिटनमध्ये बिनब्रेकचा ट्रेलर ७५० किलोच्या वर चालत नाही, आणि तोही ओढणाऱ्या गाडीच्या निम्म्या वजनाच्या आत असावा लागतो. मी हेच माप धरून चालते. गाडी १४०० किलोची असेल तर भरलेला ट्रेलर ७०० च्या आत. त्याहून जड हवा असेल तर ट्रेलरलाच ब्रेक असलेला घ्या.

गाडीत बसलेली माणसं, डिकीतलं सामान आणि ट्रेलरच्या नाकाचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, हुकावर पडणारा भार हे सगळं गाडीच्या स्वतःच्या वहनक्षमतेतून वजा होतं, तेही विसरू नका.

३. वजन अंदाजाने कळतंच की. मोजायची काय गरज?

मलाही कळतं असं वाटायचं. वडिलांच्या शेतात कापसाच्या ट्रॉलीकडे बघून क्विंटल सांगायचे मी, आणि ते बरोबर यायचं. आमच्या ट्रेलरची कमाल मर्यादा ७५० आणि माझा अंदाज होता ६००. काट्यावर भरले ६९०. ९० किलो कुठून आले ते शोधायला अंगणात सगळं बाहेर काढलं. पाण्याचे दोन मोठे कॅन, लोखंडी तवा, खलबत्ता, आठ दिवसांचं पीठ, दोन गाद्या, बॅटरी. पाणी लिटरला एक किलो हे शाळेत शिकलेलंच, पण भरताना आठवत नाही.

आपल्याकडे या बाबतीत मोठी सोय आहे. जिनिंग, साखर कारखाना, केळीच्या गाड्या भरण्याची ठिकाणं, मोठ्या रस्त्यांवरचे धरमकाटे, कुठे ना कुठे वजनकाटा जवळ सापडतोच. चार वेळा काटा करा: फक्त गाडी, फक्त रिकामा ट्रेलर, प्रवासाला निघताना भरलेला ट्रेलर, आणि शेवटी माणसांसकट जोडलेलं सगळं. पावत्या गाडीतच ठेवा. काट्यावरची मुलं आधी बघत राहतात, मग हौसेने मदत करतात.

४. सामान पुढे ठेवायचं की मागे?

या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, असं म्हटलं तरी चालेल.

जड सामान आसावर आणि आसाच्या किंचित पुढे, शक्य तितकं खाली. हलकं सामान मागे आणि वर. ट्रेलरच्या नाकाने गाडीच्या हुकावर थोडा भार टाकलाच पाहिजे. किती, याबद्दल दोन प्रथा आहेत. युरोपात ट्रेलरच्या एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के धरतात, अमेरिकेत १० ते १५ टक्के. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांसाठी मी ७ ते १० टक्क्यांत ठेवते. ६५० किलोच्या ट्रेलरला साधारण ४५ ते ६५ किलो. मात्र हुकाची आणि गाडीची मर्यादा याहून कमी असेल तर ती पाळायची आणि सामान तसं हलवायचं.

हा भार मोजायला धरमकाटा उपयोगाचा नाही. कृषी सेवा केंद्रात पोती मोजायचा जमिनीवरचा काटा असतो, तो घ्या. ट्रेलर सपाटीवर उभा करा, चाकांना पुढून-मागून दगड लावा, आणि एरवी गाडीच्या हुकाला असते त्याच उंचीवर नाक येईल असा लाकडी ठोकळा काट्यावर ठेवून त्यावर नाक टेकवा. येईल तो आकडा म्हणजे नाकाचा भार.

मागे वजन जास्त झालं तर नाक हलकं होतं आणि ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. पहिल्या हिवाळ्यात आम्ही सारंगखेड्याच्या यात्रेला निघालो होतो. जागा मोकळी दिसली म्हणून पाण्याचे दोन्ही कॅन मागच्या ओट्याखाली ठेवले. महामार्गावर उताराला लागलो, समोरून एक ट्रक जोरात गेला आणि ट्रेलर हलायला लागला. आधी थोडा, मग गाडीचं मागचं अंगही त्याच्यासोबत. स्टेअरिंगवर मी होते. शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांच्या तोंडून शब्द फुटेना. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला, ब्रेकला हात लावला नाही, स्टेअरिंग सरळ धरून ठेवलं आणि तो हळूहळू शांत झाला. पुढच्या ढाब्यावर थांबून कॅन पुढे घेतले. तोच ट्रेलर, तेवढंच वजन, तोच रस्ता, आणि सारंगखेड्यापर्यंत तो एकदाही हलला नाही.

५. वीस वर्षं ट्रॅक्टरची ट्रॉली ओढली आहे. यात वेगळं काय?

तुमच्या हाताला आरशात बघायची, वळण मोठं घ्यायची, मागचं चाक आतून कापतं हे जाणायची सवय आहे. ती सोन्यासारखी आहे. पण ट्रॅक्टर जड, हळू आणि मागच्या मोठ्या चाकांवर भक्कम उभा असतो. ट्रॉली कशीही भरली तरी त्या वेगाला खपून जातं. गाडी हलकी असते, ६० ने चालते, आणि हूक मागच्या चाकांच्या बराच मागे असतो. त्यामुळे ट्रेलरचं नाक गाडीचं शेपूट इकडून तिकडे ढकलू शकतं. ट्रॉली भरताना आपण वजन मनावर घेत नाही, इथे घ्यावं लागतं (प्रश्न ३ आणि ४).

दुसरा फरक जोडणीचा. ट्रॉली पिनेवर असते आणि खडखडते, ते चालतं. ट्रेलर गाडीच्या हुकावरच्या लोखंडी गोळ्यावर बसतो. बऱ्याच ठिकाणी गोळा ५० मिलिमीटरचा असतो. गोळ्यावर बसणारी ट्रेलरच्या नाकावरची वाटी म्हणजे कपलर. त्याचं माप गोळ्याशी तंतोतंत जुळलं पाहिजे. थोडासा लहान गोळा वरून बसल्यासारखा दिसतो आणि खड्ड्यात निसटतो.

६. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून हूक बसवून घेतला तर?

आपल्याकडचे कारागीर हुशार आहेत, ट्रॉलीचा हूक ते डोळे मिटून बसवतील. पण गाडीचा हूक बंपरला किंवा पत्र्याला जोडून भागत नाही. तो चासीच्या ठरलेल्या जागी, ठरलेल्या बोल्टने बसावा लागतो आणि त्याच्यावर किती किलो ओढायचे व किती भार टाकायचा हे छापलेलं असावं लागतं. तुमच्या मॉडेलसाठी बनवलेला तयार हूक घ्या. कारागिराकडून फक्त बसवून घ्या. चासीला नवीन भोकं पाडू नका, वेल्डिंगही करू नका.

वायरिंगकडेही लक्ष द्या. आमच्या ट्रेलरचं पहिलं वायरिंग एका दुकानात घाईत झालं आणि डावा इंडिकेटर दिला की ब्रेक लाइट लुकलुकायचा. अर्थिंग नीट नव्हतं. मागून येणाऱ्याने कळवलं म्हणून समजलं.

७. ट्रेलरच कारागिराकडून बनवून घेतला तर स्वस्त पडेल. नोंदणी होईल का?

मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रेलरचीही गाडीसारखीच नोंदणी लागते. नोंदणीसाठी त्या नमुन्याला मंजुरी असावी लागते. ती पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरजवळची व्हीआरडीई यांसारख्या वाहनं तपासणाऱ्या ठरलेल्या संस्था देतात. अंगणात बनवलेल्या एकुलत्या एका ट्रेलरला ती मिळवणं महागात पडतं. म्हणून ज्याच्याकडे मंजुरीचं प्रमाणपत्र आहे अशाच बनवणाऱ्याकडून घ्या, आणि आगाऊ रक्कम देण्याआधी ते प्रमाणपत्र डोळ्यांनी बघा. ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर टी-१ प्रकारात येतो, त्यापुढे ३५०० किलोपर्यंत टी-२. कागदावर कोणता प्रकार लिहिलाय तेही पाहा.

८. नंबर प्लेट कोणती? गाडीची की ट्रेलरची?

दोन्ही. ट्रेलरला स्वतःचा नंबर मिळतो आणि तो ट्रेलरच्या बाजूला लिहायचा असतो. शिवाय ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे, कारण गाडीची मागची पाटी ट्रेलरने झाकली जाते. गाडी एमएच-१८ ची आणि ट्रेलर एमएच-१९ चा असला तरी हरकत नाही. दुसऱ्या गाडीने ओढणार असाल तर मागची पाटी बदलायला लागते. लोक नेमकं हेच विसरतात.

९. लायसन्स वेगळं लागतं का? आणि बाईमाणसाला जमेल का?

आम्ही दोघंही एलएमव्ही परवान्यावरच ओढतो. हलक्या मोटार वाहनाची कायद्यातली व्याख्या ७५०० किलोपर्यंत जाते, आपलं सगळं मिळून त्याच्या निम्मंही भरत नाही. ट्रॅक्टरवाल्यांच्या मनातल्या शंकेबद्दल सांगते: मागे ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचा परवाना निकामी ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितलं आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: आमच्याकडे महामार्गावर मी चालवते. यात ताकदीचं काम फक्त ट्रेलर हाताने सरकवताना आहे, आणि तेव्हा आजूबाजूची चार माणसं धावून येतात.

१०. विमा गाडीचा आहे, तोच ट्रेलरला लागू होतो ना?

गृहीत धरू नका. ट्रेलरचा तिसऱ्या पक्षाचा विमा वेगळा घ्या. गाडीला हूक बसवला आहे आणि ट्रेलर ओढतो हे गाडीच्या विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. आतल्या सामानाचं संरक्षण सहसा यात येत नाही.

११. जोडताना काय क्रम ठेवायचा?

रोज तोच क्रम, आणि एकाच माणसाने. दोघांनी मिळून केलं की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने केलं असेल.

आधी चाकांना दगड. कपलर गोळ्यावर उतरवा आणि कडी लावा. मग पुढचा जॅक फिरवून नाक वर उचलायचा प्रयत्न करा. गाडीचं मागचं अंग त्यासोबत उचललं गेलं तर कपलर नीट बसला आहे. ही परीक्षा कधीही टाळू नका. सुरक्षेच्या दोन साखळ्या नाकाखालून एकमेकींना छेदून लावा, म्हणजे कपलर निसटलाच तर नाक रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडेल. साखळी वळणाला पुरेल इतकी सैल हवी, पण जमिनीला घासता कामा नये. मग दिव्यांचा प्लग, आणि मागे एकाला उभं करून ब्रेक, दोन्ही इंडिकेटर, टेललॅम्प. ट्रेलरच्या नाकाखालचं आधाराचं छोटं चाक वर. खिडक्या, झाकण, गॅस बंद. शेवटी दगड काढा.

नव्या ट्रेलरचे चाकाचे नट पहिल्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

१२. मागे घेताना ट्रेलर भलतीकडेच जातो. काय करू?

हात स्टेअरिंगच्या तळाशी धरा, वरती नको. आता हात डावीकडे सरकवला की ट्रेलरची शेपटी डावीकडे जाईल, उजवीकडे सरकवला की उजवीकडे. डोक्याने उलटसुलट हिशोब करायची गरज उरत नाही. हालचाल थोडी ठेवा आणि गाडी अगदी हळू. ट्रेलर गाडीच्या अंगावर मुडपायला लागला की थांबा, पुढे घ्या, सरळ करा, पुन्हा मागे. पुढे घेण्यात कमीपणा नाही.

आणखी एक गोष्ट ट्रॉलीवाल्यांनाही चकवते. आसापासून हुकापर्यंतचं अंतर जितकं कमी, तितका ट्रेलर लवकर मुडपतो. लांब ट्रॉली सावकाश वळते, आमचा छोटुकला पटकन. कापूस निघाल्यावरचं रिकामं वावर किंवा बाजार नसतानाचं बाजार समितीचं आवार मिळालं तर दोन प्लास्टिकच्या बादल्या ठेवून एक सकाळ सराव करा. आम्ही तीन सकाळी केला.

१३. वेग किती ठेवायचा? डोलायला लागला तर?

मी चौपदरी रस्त्यावरही ६० च्या वर जात नाही. डोलण्याचा धोका वेगासोबत वाढतो, आणि थांबायला लागणारं अंतरही. पुढच्या गाडीपासून एरवी ठेवता त्याच्या दुप्पट अंतर ठेवा.

डोलला तर पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढा, स्टेअरिंग सरळ धरा, जोरात ब्रेक मारू नका आणि वेग वाढवून सरळ करायला जाऊ नका. शांत झाला की कडेला घ्या आणि सामान बघा (प्रश्न ४). साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या दिसायला लागल्या की मी ५० वर येते. जिथे पवनचक्क्या आहेत तिथे आडवा वारा असणारच, आणि ट्रेलरची बाजू शिडासारखं काम करते.

१४. तोरणमाळचा घाट जमेल का? कन्नडचा?

तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे, आणि शहादा-म्हसावदकडून वर जाणारा घाट तीव्र वळणांचा आहे. पहिल्या वर्षी ट्रेलर घेऊन जाऊ नका. खाली ओळखीच्या ठिकाणी ट्रेलर ठेवून गाडीनेच वर जा. यशवंत तलाव गाडीनेही तितकाच सुंदर दिसतो. दुसऱ्या वर्षी, आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी लवकर निघून आम्ही ट्रेलर वर नेला. प्रत्येक वळणावर आधी बाहेरून, मग आत, आणि समोरून एसटी आली तर तिला आधी जाऊ द्यायचं.

चढापेक्षा उतार अवघड. ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात आणि नेमके हवे तेव्हा लागत नाहीत. दाबा, वेग कमी करा, सोडा. जळका वास आला तर मोकळी जागा बघून थांबा आणि थंड होऊ द्या. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका.

कन्नड घाट आणि सुरत रस्त्यावरचा कोंडाईबारी यांत मुख्य अडचण वर्दळीची आहे. कन्नड घाटात पावसाळ्यात जाऊच नका. ऑगस्ट २०२१ च्या अतिवृष्टीत तिथे दरडी कोसळल्या आणि रस्ता बंद पडला होता. ट्रेलर मागे असताना अरुंद घाटात गाडी वळवून परत फिरणं जवळपास अशक्य असतं.

१५. रात्री चालवलं तर ऊनही टळेल आणि गर्दीही?

नको. उसाच्या हंगामात दिवे नसलेल्या ट्रॉल्या, बिघडून रस्त्यातच उभे ट्रक, रात्री बैलगाड्या. ब्रेकचं अंतर वाढलेलं असताना हे सगळं उशिरा दिसतं. पहाटे फटफटल्यावर निघा, उन्हाळ्यात दहाच्या आत मुक्कामाला पोहोचा.

१६. टायर आपोआपच फुटतात का उन्हात?

ऊन मदत करतं, पण खरं कारण बहुधा कमी हवा, जास्त वजन किंवा जुना टायर असतं. हवा कमी असली की टायरच्या भिंती जास्त वाकतात आणि आतून तापतात. वरून मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंशांकडे झुकणारं ऊन आणि तापलेलं डांबर. सकाळी टायर थंड असताना हवा मोजा. टायर तापल्यावर दाब वाढलेला दिसतो, तो काढू नका.

ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण ट्रेलर वर्षातले बरेच दिवस उभाच असतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं उलटली आणि भिंतीवर भेगा दिसल्या तर नक्षी कितीही नवी असली तरी बदला. दर थांब्याला हाताची पाठ चाकाच्या मध्याजवळ न्या. एक चाक दुसऱ्यापेक्षा बरंच गरम लागलं तर बहुधा त्याच्या बेअरिंगला ग्रीस कमी आहे.

ट्रेलरसाठी त्याच मापाची स्टेपनी हवीच. गाडीची स्टेपनी बहुधा बसत नाही.

१७. मुक्काम कुठे करायचा?

परदेशात असतात तशी जागोजागची कॅम्पची मैदानं आपल्याकडे नाहीत. पण आपल्याकडे माणसं आहेत. शेताच्या बांधावर मालकाला विचारून, ढाब्यामागे जेवण घेऊन, देवस्थानाच्या आवारात विश्वस्तांना विचारून. प्रकाशा, पद्मालय, चांगदेव अशा ठिकाणी विचारल्यावर आम्हाला कुणी नाही म्हटलं नाही. विचारणं मात्र दिवसाउजेडी, आणि बायको-मुलं गाडीतून उतरलेली असताना. अंधारात अनोळखी डबा बांधावर उभा राहिला की शेतकरी घाबरणारच.

यावल, अनेर आणि गौताळा ही अभयारण्यं आहेत. तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय शिरायचंही नाही आणि रात्र काढायचीही नाही. पाटणादेवीला दिवसा जा, भास्कराचार्यांच्या आठवणीने ती जागा मला फार प्रिय आहे, आणि मुक्कामाला चाळीसगावकडे या.

१८. नदीकाठची वाळू सपाट असते. तिथे लावला तर?

तापी असो, गिरणा असो की पांझरा, पात्रात कधीही नाही. कोरड्या नाल्यातही नाही. पाऊस तुमच्या डोक्यावर पडावा लागत नाही, तो वरच्या डोंगरात पडतो. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे तितूर-डोंगरीच्या पुराने चाळीसगावात काय केलं ते आमच्या नात्यातल्यांनी पाहिलं आहे. हतनूरखाली धरणाचे दरवाजे उघडले की तापी चढते, तेव्हा आकाश निरभ्रही असू शकतं.

१९. पावसाळ्यात काळ्या मातीवर उभा केला आणि रुतला. आता?

ट्रेलर सोडवून आधी गाडी एकटी बाहेर काढा. मग ट्रेलरच्या चाकांखाली फळ्या किंवा कापसाच्या पळकाट्यांचे भारे घाला आणि लांब दोराने सरळ रेषेत, हळू ओढा. झटका देऊ नका, नाक वाकतं. सोपा उपाय अर्थातच शेजारचा ट्रॅक्टर. पण पुढच्या वेळी पावसाळ्यात मुरूम, खडी किंवा काँक्रीट यांखेरीज कुठेही उभा करू नका. काळी माती संध्याकाळी घट्ट दिसते, रात्री एक सर आली की सकाळी चाक अर्धं आत.

२०. मे महिन्यात आत झोपता येतं का? एसी लावू का?

१०० अँपिअर-तासाची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १२०० वॉट-तास. साधी लेड-अ‍ॅसिड असेल तर टिकवण्यासाठी त्यातली निम्मीच वापरायची, म्हणजे ६००. एक टनाचा एसी ताशी हजार वॉट-तासांच्या आसपास खातो. हिशोब तुम्हीच करा. तोच २५ वॉटचा पंखा आठ तास चालवला तर २०० वॉट-तास लागतात, आणि १०० वॉटचं सौर पॅनेल आपल्या उन्हात ते दिवसभरात सहज भरून काढतं.

खान्देशातली मेची हवा कोरडी असते, म्हणून १२ व्होल्टचा छोटा कूलर छान काम करतो. एक खिडकी उघडी ठेवा, नाहीतर आत दमट होतं. जूनमध्ये हवा ओलसर झाली की त्याचा उपयोग संपतो. खरं सांगायचं तर मेमध्ये आम्ही ट्रेलर काढतच नाही. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत आपलं सुख आहे.

२१. आत गॅस पेटवला तर चालतो? थंडीत शेगडी?

स्वयंपाक शक्यतो बाहेर, मागच्या झाकणाखाली. आम्ही ५ किलोचा छोटा सिलिंडर नेतो, चालताना त्याचं बटण बंद आणि तो पट्ट्याने बांधलेला. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की तळाला साचतो. म्हणून ट्रेलरच्या जमिनीलगत उघडी जाळी हवीच. उंदीर-धूळ येते म्हणून लोक ती बुजवतात. बुजवू नका.

धुळ्याकडे थंडीत पारा एक आकड्यावर येतो आणि मग शेगडीचा मोह होतो. कोळशाची शेगडी, विझत आलेली असली तरी, बंद ट्रेलरमध्ये नेऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्याला जाग येत नाही. जास्तीची गोधडी घ्या. भरीत भाजायचं तर बाहेर, काड्यांवर. त्याची चव तशीही बाहेरच येते.

२२. जवळच जायचंय. मुलांना मागे ट्रेलरमध्ये झोपू दिलं तर?

नाही. पाच किलोमीटरसाठीही नाही. आपण वऱ्हाड ट्रॉलीतून नेलेलं आहे, यात्रेला ट्रॉलीत बसून गेलेलो आहोत, म्हणून हा प्रश्न सहज येतो, आणि विचारणाऱ्याला मी दोष देत नाही. पण चालत्या ट्रेलरमध्ये सीटबेल्ट नसतो, भिंती धडक सोसायला बनवलेल्या नसतात, आणि प्रश्न ४ मध्ये सांगितलं तसं काही घडलं तर गाडीतल्यांना आतलं काही ऐकूही येत नाही. झोप आली तर गाडीत झोपतील.

२३. गुजरात किंवा मध्य प्रदेशात गेलो तर? आणि मित्राला भाड्याने दिला तर?

नोंदणी देशभर चालते. एकाच परराज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवला तरच तिथे नवा नंबर लागतो. नवापूर ओलांडून सापुताऱ्याला जाऊन यायला काही अडचण नाही, कागद सोबत असू द्या.

भाड्याचं वेगळं आहे. पैसे घेऊन दिला की तो व्यावसायिक वाहन ठरतो. मग परवाना, फिटनेस, वेगळा विमा हे सगळं लागतं, आणि खासगी विम्यावर अपघात झाला तर कंपनी हात वर करू शकते. मित्राला फुकट द्यायचा असेल तर प्रश्न ८ मधली पाटी, प्रश्न ५ मधला गोळा आणि प्रश्न २ मधलं त्याच्या गाडीचं पुस्तक बघून द्या. त्याला एक सकाळ सोबत घेऊन जोडायला आणि मागे घ्यायला शिकवा.

२४. पहिली सहल कुठे करावी?

घरापासून ३० किलोमीटरच्या आत, सपाट रस्त्यावर, एका रात्रीसाठी. एरंडोलकडच्यांनी पद्मालय करावं. शहादा-तळोद्याच्या लोकांना प्रकाशा जवळ आहे, भुसावळ-मुक्ताईनगरकरांना चांगदेव. काहीतरी विसरेलच. आम्ही काडेपेटी विसरलो होतो. तेवढ्या अंतरावरून कुणी भाऊ मोटरसायकलवर आणून देतो, आणि येताना घरून शेवभाजीचा डबाही आणतो.